कोरड्या वाटेने आलेला समुद्र

खानदेशाला समुद्र ठाऊक आहे तो वाळलेल्या रूपात. आठवडे बाजाराच्या एका कडेला मांडलेले सुके बोंबील आणि सुकट, आणि किराणा दुकानातले खडे मीठ, एवढ्याच वाटांनी तो पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांत शिरला. पाणी मात्र उलट दिशेने गेले. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा या नद्या तापीला मिळतात आणि ७२४ किलोमीटरांची वाट संपवून तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. खानदेशाने समुद्राला पाणी द्यावे आणि समुद्राने खानदेशाला मीठ द्यावे, असा हा जुना व्यवहार आहे. अशा मुलखात, जळगावात किंवा धुळ्यात, कोणी लाकडाची आणि काचेची मोठी पेटी करून तीत खाऱ्या पाण्याचा समुद्र उभा करायचे ठरवले, तर त्या उद्योगाकडे कसे पाहावे? केवळ हौस म्हणून तो बाजूला सारता येतो. परंतु या पेटीचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते, की ती मुळात समुद्रकाठच्या माणसासाठी निर्माणच झाली नव्हती. ती समुद्रापासून दूर असलेल्यांची निर्मिती आहे. म्हणूनच तिचा विचार मुंबईपेक्षा खानदेशातून अधिक नीट करता येतो.

प्रथम मिठाविषयी. १९ व्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरील कराच्या रक्षणासाठी वायव्येपासून एक जकातरेषा आखली होती. तिच्यावर जागोजाग काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवलेले होते. कर न भरलेले मीठ पलीकडे जाऊ नये, हा तिचा हेतू. हे कुंपण दक्षिणेकडे जिथवर आले ते ठिकाण म्हणजे तापीकाठचे बुऱ्हाणपूर, फारुकी सुलतानांच्या काळातील खानदेशाची राजधानी. १८७९ साली ही रेषा मोडली. कर मात्र राहिला. ६ एप्रिल १९३० रोजी ज्या दांडीच्या किनाऱ्यावर तो कायदा मोडला गेला, तो किनारा नवसारीजवळचा आहे. सुरतेहून निघणारी तापी खोऱ्याची रेल्वे नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला येते. तेव्हा खानदेशाला जवळचा म्हणावा असा समुद्र तोच. खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळे काढणे ही त्या वेळी राजकीय कृती झाली. मत्स्यालय बांधणारा माणूस नेमके याच्या उलट करतो: तो मिठातून पुन्हा समुद्राचे पाणी करू पाहतो.

समुद्र आणखी एका वाटेने खानदेशात आला, ती वाट आठवणीची. मालगुंडसारख्या समुद्रकाठच्या गावी जन्मलेले केशवसुत भडगाव आणि फैजपूर येथे शिक्षक होते. पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि १९३० साली ती नोकरी सोडून चळवळीत गेले. कोकणातून घाटावर आणि घाटावरून तापीकाठी आलेल्या अशा कितीतरी शिक्षक-कारकुनांनी आपापला समुद्र मनात बाळगला असेल. मनातल्या समुद्राला देखभाल लागत नाही. पेटीतल्या समुद्राला ती रोज लागते, आणि ती कोणीतरी करावी लागते. या ‘कोणीतरी’कडे मत्स्यालयाचा इतिहास सहसा पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्या दिशेने आहे.

या इतिहासाची सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीपासून करावी लागते. झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच स्त्री विवाहानंतर सिसिलीतील मेसिना येथे राहू लागली. १८३२ च्या सुमारास तिने आर्गोनॉट या अष्टपादवर्गीय प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या करवून घेतल्या, आणि त्यांबरोबरच समुद्रात नांगरून ठेवता येतील असे पिंजरेही बनवले. हा प्राणी आपले कवच दुसऱ्याचे चोरतो की स्वतः घडवतो, हा तेव्हाचा वादाचा प्रश्न होता. कवच तो स्वतःच घडवतो, हे तिने सिद्ध केले. काच निरीक्षणासाठी आणि पिंजरा प्राणी जिवंत राखण्यासाठी, ही विभागणी तिच्याकडे आरंभीच स्पष्ट दिसते. १८३८ साली तिची कागदपत्रे आणि संग्रह घेऊन निघालेले जहाज बुडाले. त्यानंतर हा शोध लंडनच्या नावावर चढला, त्याला हेही एक कारण असावे.

लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ आणले आणि ते घरात जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहावे लागे. हे काम बाई स्वतः करीत नसत, घरातली एक लहान मोलकरीण करी. तिला त्यात गंमत वाटे, असे बाईंनी नमूद केले आहे. मोलकरणीचे नाव मात्र त्यांनी दिलेले नाही. आज ज्याला आपण ‘एअर पंप’ म्हणतो, तो त्या घरात एका मुलीचे दोन हात होते. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवले आणि त्या हातांचे काम हलके झाले.

वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि प्राण्याने वनस्पतीचे पोषण करावे, हा तोल रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली गोड्या पाण्यातील प्रयोगाने मांडला. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्रज मध्यमवर्गाला या पेटीचे वेड लागले. काचेवरील कर १८४५ सालीच उठलेला असल्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वेमुळे किनारा जवळ आला होता. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे ठाऊक असेल, की जॉर्ज एलियट आणि जॉर्ज हेन्री लुइस १८५६ च्या उन्हाळ्यात इल्फ्राकूम आणि टेन्बीच्या किनाऱ्यावर समुद्रफुले वेचत होते. लुइसचे ‘सी-साइड स्टडीज’ त्यातून झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एलियट कथालेखनाकडे वळल्या.

गॉसचे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे त्याने दिलेली कृती. समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण आधी झालेलेच होते. त्याच्या आधारे त्याने साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढेच चार पदार्थ ठरावीक प्रमाणात गोड्या पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजल केले, आणि त्यात प्राणी जगवून दाखवले. किनाऱ्यावरचा माणूस ही खटपट करणार नाही, तो बादली भरून आणेल. कृती लागते ती ज्याच्या गावी समुद्र नाही त्याला. त्या क्षणापासून समुद्र कोरडा होऊन कोठेही जाऊ शकत होता, आणि पोचल्यावर पुन्हा ओला होऊ शकत होता.

ही गोष्ट सर्वांना लगेच पटली असे नव्हे. १९३० साली शिकागोत शेड मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्राचे पाणी फ्लोरिडातील की वेस्टहून रेल्वेने आणले गेले. वीस टाकी-डब्यांच्या आठ फेऱ्या झाल्या आणि सुमारे दहा लाख गॅलन पाणी निम्मा देश ओलांडून आले. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अंतर्भागातल्याच ओहायो राज्यातून तयार समुद्री मिठाची पाकिटे विकली जाऊ लागली आणि रेल्वेचे डबे अनावश्यक झाले. आज जळगावातल्या हौशी माणसाच्या हाती पडते ते याच पाकिटाचे वंशज.

आता पेटीकडे वळू. व्हिक्टोरियन काळातील पेटीचा तळ पाटीच्या दगडाचा, कोपऱ्यांचे खांब लाकडाचे, आणि खांबांतल्या खाचांत बसवलेली काच अशी सर्वसाधारण रचना असे. सांधे लुकणाने भरीत, आणि लुकणात शेंदूर किंवा सफेता असे. दोन्ही शिशाचे, म्हणजे विषारी. म्हणून नवी पेटी कित्येक दिवस पाण्याने भरून, ते पाणी पुनःपुन्हा बदलून मगच वापरावी लागे. ही अडचण २० व्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनने सोडवली. त्याने काचेला काच चिकटू लागली आणि लाकूड घरगुती मत्स्यालयातून जवळजवळ हद्दपार झाले. परंतु पेटी मोठी करायची म्हटली की लाकूड परत येते. चारही बाजूंना जाड काच परवडत नाही. म्हणून तळ आणि तीन बाजू जाड प्लायवूडच्या करतात, आतून इपॉक्सी आणि फायबरग्लासचे थर चढवतात, आणि केवळ दर्शनी बाजूला काच बसवतात.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी घेऊ. तीत सुमारे ६५० लिटर पाणी मावते. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा एकदा भरण्यास जवळपास २३ किलो मीठ लागेल. पाण्याचा दाब पेटीच्या लांबीवर अवलंबून नसतो, खोलीवर असतो. त्यामुळे फळ्यांना खरा जोर लावावा लागतो तो तळाशी. दर्शनी काचेवर एकूण सुमारे ३३० किलो वजनाइतका रेटा येतो, म्हणजे पाच मोठी माणसे तिला आतून टेकून सतत उभी आहेत असे समजावे. मागच्या फळीवर तेवढाच रेटा असतो. काचेचा रेटा आपल्याला जाणवतो, कारण आपण तिच्यासमोर उभे असतो. फळीचा रेटा कोणाच्या मनातही येत नाही. काच दाखवते आणि लाकूड तोलून धरते; पाहणाऱ्याने लिहिलेल्या इतिहासात मग काचच उरते.

हे केवळ रूपक नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनमध्ये समुद्रजल आणि सागरी प्राणी विकणारा दुकानदार पुढे हॅम्बुर्गच्या (१८६४) आणि क्रिस्टल पॅलेसच्या (१८७१) मत्स्यालयांचा रचनाकार झाला. त्याची मुख्य कल्पना अशी, की लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवावे आणि पंपाने ते अखंड फिरवत राहावे. अंधारातले पाणी थंड आणि स्वच्छ राहते. दिसणारा समुद्र न दिसणाऱ्या समुद्रावर जगतो. आज घरगुती मत्स्यालयाखाली जी ‘संप’ नावाची टाकी असते, ती लॉइडच्या हौदाचीच धाकटी आवृत्ती आहे. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातले सजीवांनी भरलेले खडक टाकीत ठेवून पाणी शुद्ध राखण्याची पद्धत मांडली. तिच्यामागचे तत्त्वही न दिसणाऱ्यांचेच: खडकातले जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत नीट बसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडायचे नसतात. नवशिक्याच्या बहुतेक टाक्या मरतात त्या या आठवड्यांत धीर न धरल्याने.

आपल्या देशात मद्रासचे सागरी मत्स्यालय १९०९ साली सुरू झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. त्याच्या बांधकामाला लागलेल्या सुमारे आठ लाख रुपयांपैकी दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे होते. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुले झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे मिटली. दोन्ही संस्था समुद्राच्या अगदी काठी उभ्या राहिल्या. समुद्र दाखवण्यासाठी समुद्राशेजारी बांधलेल्या या वास्तूंत तळाचा कष्ट शेजारचा समुद्र वाटून घेई. खानदेशात तो वाटून घेणारे कोणी नाही. इथे समुद्र संपूर्णपणे घरच्यांच्या अंगावर पडतो.

तो कसा पडतो ते पाहू. बोअरचे पाणी जड असते, त्यात नायट्रेटही असू शकते, म्हणून ते आरओ यंत्रातून गाळून घ्यावे लागते. यंत्र जेवढे पाणी गाळते त्याहून अधिक सहसा वाया घालवते, आणि पाणी वाया घालवणे ही ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात नळाच्या पाळ्या मोजतात तिथे लहान गोष्ट नाही. प्रवाळप्रदेशातल्या माशांना २४ ते २८ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. जळगावचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. शिवाय पाणी उडून जाते आणि मीठ मागे उरते. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारे पाणी ओतले तर क्षारता चढत जाईल. आणि वीज. भारनियमनाच्या वर्षांत पंप कित्येक तास बंद पडत. अशा वेळी पेटीतले पाणी तांब्याने काढून उंचावरून परत सोडत बसणे एवढाच उपाय उरतो. थिनबाईंच्या घरातली ती मुलगी इथे पुन्हा भेटते. या खेपेला ती घरातली आई असेल, शाळेतून आलेला मुलगा असेल. हौस ज्याची असेल तोच रात्री उठून पाणी ओतेल, असे घरात क्वचितच घडते.

तरीही खानदेशाला या कामाची परंपरा नाही असे म्हणवत नाही. इथली जुनी धाब्याची घरे आठवावी. लाकडी खांब, तुळया आणि कड्या, त्यांवर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर पसरलेली खारी माती. ही क्षारयुक्त माती ओली झाली की फुगते, भेगा मिटवते आणि पाणी खाली उतरू देत नाही. लाकूड, क्षार आणि पाणी यांचे नाते इथल्या सुताराला आणि घरधन्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. फरक इतकाच, की त्या घरात पाणी बाहेर ठेवायचे होते आणि या पेटीत ते आत ठेवायचे आहे. दर वर्षी धाब्यावर चढून खारी पसरण्याचा नेम मोडला की घर गळे. पेटीचेही तसेच आहे. बांधणी एकदा होते, राखण रोजची असते.

येथवर प्रश्न कष्टाचा होता. याहून मोठा प्रश्न हक्काचा आहे. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांमधली डबकी कशी ओरबाडून रिकामी केली, याची खंत त्यात आहे. जे वडिलांनी प्रेमाने दाखवले, ते दाखवण्यानेच नष्ट झाले. साहित्याच्या इतिहासात पिता-पुत्र संघर्षाचे पुस्तक म्हणून ते शिकवले जाते. किनाऱ्याविषयीचा हा भाग मात्र सहसा चर्चेत येत नाही.

आपल्याकडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक रचणारे प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे यांचा समावेश झाला. म्हणजे चित्रांत दिसते तसे आपल्या समुद्रातल्या जिवंत प्रवाळांचे उद्यान घरी मांडणे हा आता गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नीतीचा प्रश्न राहतो. सुकवलेला बोंबील खानदेशात येतो तो मेलेला आणि अन्न म्हणून. त्यात फसवणूक नाही. जिवंत मासा प्रवाळखडकावरून उचलून, पिशवीत भरून, तीन शहरे ओलांडून धुळ्याच्या एका खोलीत आणणे, आणि पहिल्या भारनियमनात त्याला गमावणे, यात मात्र आपण समुद्राला काहीतरी देणे लागतो. यातून एक वाट निघाली आहे: क्लाऊनफिशसारख्या काही माशांची पैदास आता आपल्या देशातील संशोधनसंस्था समुद्राबाहेर करतात. पाकिटातले मीठ, कृत्रिम खडकावर वाढवलेले जिवाणू आणि टाकीतच जन्मलेले मासे एवढ्यावर जो समाधान मानेल, त्याने समुद्रातून काही उचललेले नसेल.

आणि त्याने जमिनीचाही विचार केला पाहिजे. पेटीतले दहावा हिस्सा पाणी दर पंधरवड्याला बदलावे लागते असे धरले, तर प्रत्येक वेळी ६५ लिटर पाण्याबरोबर सव्वादोन किलो मीठ बाहेर पडते. वर्षाला ते साठ किलोंच्या घरात जाते. हे पाणी परसातल्या झाडांना घातले तर काळी जमीन खारवते, आणि खारवलेली जमीन सुधारणे किती अवघड असते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. ते गटारातच सोडावे लागते. तिथून ते नाल्याला, नाल्यातून पांझरेला किंवा गिरणेला आणि अखेर तापीला मिळते.

तापी ते समुद्राला नेऊन देते. कोरड्या वाटेने आलेले मीठ अशा रीतीने ओल्या वाटेने परत जाते. जाण्यापूर्वी ते काही काळ एका लाकडी पेटीत समुद्र होऊन राहिले, एवढेच. त्या काळात त्याच्यासमोर कोण उभे राहिले हे लोकांच्या लक्षात राहील. पाठीमागच्या फळीला हात लावून सांधा ओला तर झाला नाही ना, हे रोज रात्री कोणी पाहिले, याचीही नोंद ठेवली गेली पाहिजे. १८४६ साली ती राहून गेली.